बास्केटबॉलमधील रिबाउंड व पंचनिर्णय

बास्केटच्या दिशेने फेकलेला चेंडू गोल न होता कड्यावरून अगर फलकावरून उसळून परत आला, म्हणजे त्यास रिबाउंड असे म्हणतात. असा चेंडू ताब्यात घेण्यासाठी दोन्ही संघांचे खेळाडू बास्केटखाली एकत्र येतात, जागा धरतात व उड्या मारतात. या एकदोन सेकंदांत खेळाडूंचे परस्परांशी जेवढे अंगस्पर्श होतात, तेवढे खेळाच्या इतर कोणत्याही अवस्थेत क्वचितच होत असतील. त्यांपैकी कोणता स्पर्श खेळाचा स्वाभाविक भाग मानावयाचा आणि कोणता फाउल ठरवावयाचा, हा बास्केटबॉलच्या पंचगिरीतील एक जुना व कठीण प्रश्न आहे. रिबाउंडवर ज्याचा ताबा, त्याला पुढील फेकीची संधी मिळते. म्हणून या निर्णयांचा परिणाम सामन्याच्या निकालावर होतो. शिवाय उडी मारलेला खेळाडू हवेत असताना स्वतःचा तोल सावरू शकत नसल्याने त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्नही या निर्णयांशी निगडित आहे.

पूर्वपीठिका : बास्केटबॉल हा खेळ जेम्स नायस्मिथ (१८६१–१९३९) यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथील वाय्‌. एम्‌. सी. ए. च्या प्रशिक्षण संस्थेत डिसेंबर १८९१ मध्ये सुरू केला. हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात खेळता येईल आणि अमेरिकन फुटबॉलमधील दांडगाई ज्यात नसेल, असा खेळ त्यांना हवा होता. त्यासाठी त्यांनी दोन युक्त्या योजिल्या. चेंडू घेऊन धावण्यास त्यांनी मनाई केली, त्यामुळे धावणाऱ्यास पकडून पाडण्याचे कारणच उरले नाही. दुसरे म्हणजे, लक्ष्य त्यांनी डोक्याच्या वर, आडव्या तोंडाचे ठेवले. उभ्या गोलात चेंडू जोराने मारण्यात लाभ असतो; आडव्या व उंच लक्ष्यात चेंडू अलगद टाकावा लागतो, म्हणून तेथे बळापेक्षा कौशल्यास अधिक वाव राहील, अशी त्यांची अटकळ होती. जानेवारी १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळच्या तेरा नियमांपैकी पाचव्या नियमाने प्रतिस्पर्ध्यास खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे व मारणे ही सर्व कृत्ये निषिद्ध ठरविली. पहिल्या अपराधाबद्दल फाउल आणि दुसऱ्याबद्दल पुढील गोल होईपर्यंत मैदानाबाहेर, अशी शिक्षा होती. इजा करण्याचा हेतू उघड दिसल्यास अपराधी खेळाडू संपूर्ण सामन्यास मुकत असे आणि त्याच्या जागी बदली खेळाडूही मिळत नसे. एका संघाकडून लागोपाठ तीन फाउल घडल्यास प्रतिस्पर्ध्यांना एक गोल बहाल केला जाई.

हेच उंच लक्ष्य पुढे दांडगाईचे नवे केंद्र बनले. प्रारंभी टोपल्या सभागृहाच्या सज्जाच्या कठड्याला बांधलेल्या होत्या. सज्जात बसलेले प्रेक्षक हात पुढे करून चेंडू अडवीत वा आत ढकलीत. त्यांस प्रतिबंध करण्यासाठी १८९० नंतरच्या दशकाच्या मध्यास बास्केटच्या मागे फलक लावण्यात आला. फलकाचा हेतू केवळ अडसराचा होता. पण त्यामुळे चुकलेला चेंडू बाहेर वा प्रेक्षकांत न जाता पुन्हा मैदानात येऊ लागला आणि रिबाउंड हा खेळाचा एक नित्याचा प्रसंग बनला. ज्या खेळाची रचना अंगस्पर्श टाळण्यासाठी झाली होती, त्यातच एका ठरावीक जागी दहा खेळाडूंपैकी बहुतेकांना एकाच वेळी ओढून आणणारा प्रसंग अशा रीतीने निर्माण झाला. संघातील खेळाडूंची संख्या १८९७ मध्ये पाचवर स्थिर झाल्याने गर्दी काहीशी कमी झाली. मात्र मूळ प्रश्न तसाच राहिला.

खेळाच्या रचनेतील पुढील बदलांनी रिबाउंडचे महत्त्व वाढविले. पूर्वी प्रत्येक गोलानंतर मैदानाच्या मध्यभागी दोन खेळाडूंमध्ये चेंडू उडवून खेळ पुन्हा सुरू होत असे. अमेरिकेतील महाविद्यालयीन नियमांत ही पद्धत १९३७ मध्ये बंद झाली व गोल झाल्यानंतर चेंडू थेट प्रतिपक्षाला मिळू लागला. त्यामुळे चुकलेल्या फेकीनंतरचा चेंडू हाच दोन्ही संघांना खुला असलेला प्रमुख प्रसंग उरला. उंच खेळाडूने बास्केटखाली ठाण मांडून बसू नये, म्हणून याच दशकात तीन सेकंदांचा नियम आला. आंतरराष्ट्रीय नियमांत बास्केटसमोरील प्रतिबंधित क्षेत्र १९५६ मध्ये समलंब चौकोनी करण्यात आले. अंत्यरेषेपाशी त्याची रुंदी ६ मी. होती. २०१० मध्ये त्याऐवजी ४·९ मी. रुंदीचे आयताकृती क्षेत्र स्वीकारण्यात आले. २०१४ पासून, कड्याला लागलेला चेंडू आक्रमक संघाने पुन्हा मिळविल्यास त्याला नव्याने २४ सेकंद न मिळता १४ सेकंद मिळतात. असे असले, तरी आक्रमक संघाला मिळालेला रिबाउंड म्हणजे एक जादा संधीच होय.

माणसांचा पंच व चेंडूचा पंच : मूळ नियमांतील दहावा व अकरावा हे नियम या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. दोन अधिकाऱ्यांची कामे त्यांत स्पष्टपणे वेगळी केली होती. अंपायर हा माणसांचा पंच. फाउल टिपणे व खेळाडूस बाद करणे हे त्याचे काम. रेफरी हा चेंडूचा पंच. चेंडू खेळात आहे की नाही, तो कोणत्या बाजूचा आहे, गोल झाला की नाही हे ठरविणे व वेळ राखणे हे त्याचे काम. कबड्डीतील सरपंच व पंच यांच्याप्रमाणे हा केवळ अधिकारातील उच्चनीचतेचा भेद नव्हता; तो दृष्टीचा भेद होता. मनुष्याची नजर स्वाभाविकपणे चेंडूमागे जाते आणि चेंडूमागे गेलेल्या नजरेला त्याखालील झटापट दिसत नाही, ही गोष्ट नायस्मिथ यांनी प्रारंभीच ओळखली होती, असे या विभागणीवरून दिसते. पुढे दोन्ही पंचांना सर्व प्रकारचे निर्णय देण्याचा अधिकार मिळाला व ही काटेकोर विभागणी नियमपुस्तकातून गेली. तथापि रिबाउंडच्या प्रसंगापुरती ती पंचांच्या कार्यपद्धतीत टिकून राहिली. चेंडू हवेत असताना एका पंचाने चेंडू व कडे पाहावे आणि दुसऱ्याने चेंडूकडे मुळीच न पाहता माणसे पाहावीत, हे आजच्या प्रशिक्षणातीलही पहिले सूत्र आहे.

स्पर्शाकडून परिणामाकडे : पाचव्या नियमाचा शब्दशः अर्थ लावल्यास बास्केटखालील प्रत्येक स्पर्श फाउल ठरेल व खेळ पुढे सरकणारच नाही. उलट सर्वच स्पर्श सोडून दिल्यास बलदंड खेळाडूचे राज्य होईल. या पेचातून मार्ग काढणारा विचार अमेरिकेत ऑस्वाल्ड टॉवर यांच्या नावाने ओळखला जातो. नियमसमितीचे सभासद व नियमपुस्तिकेचे संपादक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांचे हे मत जॉन बन यांनी पंचगिरीवरील आपल्या लेखनात मांडले. एखाद्या कृतीचा प्रतिस्पर्ध्यावर काय परिणाम झाला, हे पाहून नियम लावावा. कृतीमुळे कोणाचे नुकसान झाले नसेल व कोणास अन्याय्य लाभ झाला नसेल, तर खेळ थांबवू नये, असा त्याचा आशय आहे. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फीबा (स्थापना १९३२), या संस्थेच्या नियमांतही हाच दृष्टिकोण स्वीकारलेला आहे. नियमांचा हेतू व आशय राखणे, निर्णयांत सातत्य ठेवणे, आणि खेळावरील नियंत्रण व खेळाचा ओघ यांत समतोल साधणे या गोष्टी स्पर्शाचा निर्णय देताना पंचाने ध्यानात घ्याव्यात, अशी त्यांत अपेक्षा आहे.

या दृष्टिकोणाविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो. ‘परिणाम’ पाहावयाचा म्हटला, की निर्णय पंचाच्या मर्जीवर जातो, असा तो आक्षेप होय. तो निराधार नाही. म्हणूनच परिणामाचा विचार करण्यापूर्वी कोणत्या खेळाडूचा कोणत्या जागेवर हक्क होता, हे ठरविणारी काही निश्चित तत्त्वे नियमांत घालण्यात आली आहेत. पहिले तत्त्व दंडगोलाचे. मैदानावर उभ्या असलेल्या प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक दंडगोल मानला जातो. त्याची पुढील मर्यादा हाताच्या तळव्यांपर्यंत, मागील मर्यादा नितंबांपर्यंत व बाजूंची मर्यादा हातापायांच्या बाह्य कडांपर्यंत असते. ही जागा व तिच्यावरील अवकाश त्या खेळाडूचा असतो. दुसरे तत्त्व उभ्या रेषेचे. खेळाडूने आपल्या दंडगोलात सरळ वर उडी मारली, तर त्याच्यावर येऊन आदळणारा दोषी ठरतो. परंतु तोच जर पुढे, मागे वा बाजूला झेपावला, तर दोष त्याच्याकडे जातो. तिसरे तत्त्व हवेतील खेळाडूविषयी आहे. ज्या जागेवरून उडी मारली त्या जागी परत उतरण्याचा खेळाडूस हक्क आहे. उडी घेतेवेळी मोकळी असलेली दुसरी जागा व तेथवरचा थेट मार्ग यांवरही त्याचा हक्क असतो. त्याने जमीन सोडल्यानंतर त्याच्या खाली येऊन उभे राहणे हा नियमभंग असून तो बहुधा अखिलाडू वर्तनाचा फाउल मानला जातो. काही प्रसंगी अपराध्यास सामन्यातून बाद करण्यापर्यंत ही शिक्षा जाऊ शकते. हवेतील खेळाडूचे पाय कोणी नकळत उडविले, तरी त्याचे पडणे तेवढेच धोक्याचे असते; म्हणून येथे हेतूपेक्षा जागेवरील हक्काला अधिक महत्त्व आहे.

फाउलचे प्रकार : रिबाउंडसाठी जागा धरताना प्रतिस्पर्ध्याला पाठीमागे ठेवून उभे राहण्याच्या कौशल्यास बॉक्स आउट म्हणतात. ते पूर्णतः नियमसंमत आहे. मात्र पाठीने वा नितंबांनी रेटून मागील खेळाडूस त्याच्या जागेवरून हटविल्यास पुढचा खेळाडू दोषी ठरतो. मागील खेळाडूने दोन्ही हातांनी वा छातीने पुढच्यास ढकलणे हा सर्वांत अधिक आढळणारा फाउल होय. याशिवाय प्रतिस्पर्ध्याच्या दंडात आपला हात अडकविणे, कमरेला वा कपड्यांना धरणे, खांद्यावर हात टेकून त्याच्या आधारे उंच उडी घेणे, उडी मारू पाहणाऱ्याचा हात खाली दाबून धरणे आणि चेंडू मिळाल्यावर कोपरे जोराने फिरविणे हे प्रकार आढळतात. कोपर फिरविण्याने लागण्याचा धोका मोठा असल्याने त्याकडे विशेष कठोरपणे पाहिले जाते.

प्रेक्षक व काही मार्गदर्शक यांच्यामध्ये एक गैरसमज रूढ आहे. मागील खेळाडूने पुढच्याच्या डोक्यावरून चेंडू घेतला, की तो फाउलच, असे मानले जाते. वस्तुतः ‘पाठीवरून घेणे’ या नावाचा कोणताही फाउल नियमांत नाही. उंच वा अधिक उडी मारणाऱ्या खेळाडूने स्पर्श न करता, अथवा पुढच्याची हालचाल न बिघडविता चेंडू मिळविला, तर ते त्याचे कौशल्य होय. शिट्टी वाजते ती स्पर्शाबद्दल, उंचीबद्दल नव्हे. हा भेद न ओळखणारा पंच बहुधा उंच खेळाडूंवर, आणि उलट बाजूस केवळ चेंडू मिळाला म्हणून सर्व क्षम्य मानणारा पंच बुटक्या खेळाडूंवर अन्याय करतो.

निरीक्षणाची पद्धती : दोन पंचांच्या पद्धतीत अंत्यरेषेबाहेरील पंचास लीड व मागील बाजूच्या पंचास ट्रेल म्हणतात. फेक होताच ट्रेल पंच चेंडूचे उड्डाण, कड्याशी होणारा गैरवाजवी हस्तक्षेप व फेक करणाऱ्याचे सुरक्षित उतरणे पाहतो. त्यानंतर बाहेरच्या बाजूने आत धावणाऱ्या खेळाडूंकडे वळतो. लीड पंचाची नजर प्रारंभापासूनच बास्केटखालील जोड्यांवर असते. गोल झाला की नाही, हे त्याला बऱ्याचदा खेळाडूंच्या हालचालींवरूनच कळते. तीन पंचांच्या पद्धतीत सेंटर हा तिसरा पंच लीडच्या विरुद्ध बाजूस, मुक्त फेकीच्या रेषेच्या सुमारास उभा राहतो. चेंडू बहुधा फेकीच्या विरुद्ध बाजूस उसळत असल्याने आणि तेथेच मागून ढकलण्याचे प्रकार घडत असल्याने सेंटर पंचाचे स्थान रिबाउंडच्या दृष्टीने फार मोलाचे ठरले आहे. अमेरिकेतील एन्‌. बी. ए. या व्यावसायिक साखळीत १९८८-८९ च्या मोसमापासून तीन पंच कायम झाले. फीबाच्या प्रमुख स्पर्धांतही आता हीच पद्धत रूढ आहे.

पंचाने जवळ असणे पुरेसे नसते. दोन खेळाडूंमधील मोकळी फट त्याला दिसली पाहिजे. खेळाडूंच्या अगदी मागे, एका सरळ रेषेत उभ्या असलेल्या पंचाला एकाची पाठ तेवढी दिसते. ढकलण्याची क्रिया हाताने झाली की छातीने, व ती कोणी सुरू केली, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून चेंडू हवेत असतानाच एकदोन पावले सरकून कोन साधणे व प्रत्यक्ष निर्णयाच्या क्षणी स्थिर राहणे, असे प्रशिक्षणात शिकविले जाते. बास्केटखाली अगदी जवळ गेल्यास दृष्टिक्षेत्र आकुंचन पावते, म्हणून काही अंतर राखणेही आवश्यक असते.

शिट्टीची वेळ हाही महत्त्वाचा भाग आहे. स्पर्श होताच शिट्टी वाजविणारा पंच घटनेचा आरंभ पाहतो, शेवट पाहत नाही. अनुभवी पंच क्षणभर थांबतो. ढकललेल्या खेळाडूच्या संघालाच चेंडू सहजपणे मिळाला व त्याचा तोल गेला नाही, तर किरकोळ स्पर्श सोडून देता येतो. स्पर्शामुळे चेंडू गमावला, जागा सुटली वा खेळाडू पडला, तर शिट्टी वाजली पाहिजे. मात्र दांडगाईच्या स्पर्शास हा सवलतीचा नियम लागू नाही. चेंडू कोणालाही मिळो, तो फाउल द्यावाच लागतो. पहिल्या काही मिनिटांत सोडून दिलेले ढकलणे शेवटच्या मिनिटांत पकडल्यास, अथवा याच्या उलट केल्यास, खेळाडूंचा विश्वास उडतो. त्यामुळे सामन्याच्या आरंभीच पहिल्या दोनतीन रिबाउंडना मर्यादा घालून देणे हिताचे असते.

शिक्षा : फेक हातातून सुटताच आक्रमक संघाचा चेंडूवरील ताबा संपतो, असे आंतरराष्ट्रीय नियम मानतात, म्हणून रिबाउंडच्या वेळी चेंडू कोणाच्याच मालकीचा नसतो. यामुळे दोन्ही संघांच्या अपराधांना समान न्याय लागू होतो. अपराधी संघाचे त्या सत्रातील फाउल चारपर्यंत असतील, तर प्रतिपक्षाला जवळच्या जागेवरून चेंडू आत फेकण्यास मिळतो. पाचव्या फाउलपासून पुढे दोन मुक्त फेकी मिळतात. फेक करणाऱ्या संघाच्या खेळाडूने रिबाउंडच्या झटापटीत फाउल केला, तरी हीच शिक्षा होते. उसळलेला चेंडू खेळाडूने हवेतच बास्केटकडे टोलविला, तर ती फेक समजली जाते व तीवेळच्या फाउलला फेकीवरील फाउलची शिक्षा लागू होते. प्रत्येक खेळाडूस पाच फाउलनंतर सामना सोडावा लागत असल्याने बास्केटखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूंचे भवितव्य बऱ्याच अंशी याच निर्णयांवर अवलंबून असते. मुक्त फेकीच्या वेळी तर नियमांनी जागाच वाटून दिल्या आहेत. कडेच्या जागांवर जास्तीत जास्त पाच खेळाडू, म्हणजे बचाव करणारे तीन व आक्रमक दोन, आलटून पालटून उभे राहतात आणि चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटेपर्यंत त्यांना जागा सोडता येत नाही. जागेचा हक्क आधीच ठरल्याने अशा वेळी पंचाचे काम तुलनेने सुकर होते.

भारत व महाराष्ट्र : भारतात हा खेळ मुख्यतः वाय्‌. एम्‌. सी. ए. च्या द्वारा आला. एच्‌. सी. बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून तयार झालेल्या शिक्षकांनी तो शाळा-महाविद्यालयांत पसरविला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३४ मध्ये दिल्ली येथे झाली. १९३६ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय महासंघाचा सभासद झाला आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना झाली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला. महाराष्ट्रात मुंबईतील नागपाडा हे या खेळाचे प्रसिद्ध केंद्र होय. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने तेथे स्थापन झालेल्या नागपाडा नेबरहुड हाउसच्या परिसरात अनेक खेळाडू घडले. भारतीय संघाचे कर्णधार व अर्जुन पुरस्काराचे (१९७०) मानकरी अब्बास मुंतसिर हे त्यांपैकीच एक. नागपुरात सीताबर्डीच्या पश्चिमेकडील वस्तीतील शिवाजीनगर जिमखाना हे या खेळाचे परिचित केंद्र आहे.

आपल्याकडील अनेक मैदाने उघडी व सिमेंटची आहेत. लाकडी तक्तपोशीवर हवेतून पडणे आणि सिमेंटवर पडणे यांत मोठा फरक आहे. त्यामुळे उतरण्याच्या जागेविषयीचा नियम येथे अधिक काटेकोरपणे पाळला जाणे अगत्याचे ठरते. शिवाय शालेय व स्थानिक सामन्यांत दोनच पंच, क्वचित एकच पंच, उपलब्ध असतो. एकट्या पंचाला चेंडू व माणसे या दोहोंवर नजर ठेवावी लागते. अशा वेळी फेक होताच कड्याकडे पाहण्याचा मोह आवरून त्याने माणसांकडे पाहणे श्रेयस्कर. गोल झाल्याचे जाळीच्या हालचालीवरून व गुणलेखकाकडूनही कळू शकते, पण न पाहिलेले ढकलणे नंतर कोणालाच सांगता येत नाही. कबड्डीच्या वातावरणात वाढलेल्या खेळाडूंना पकड व रेटा यांची सवय असते. बास्केटखाली मात्र बळ स्वतःची जागा राखण्यासाठी वापरावयाचे, दुसऱ्याची जागा घेण्यासाठी नव्हे, हा भेद प्रशिक्षकांनी व पंचांनी त्यांना आरंभीच समजावून देणे आवश्यक असते.

अलीकडे मोठ्या स्पर्धांत चित्रफीत पाहून काही निर्णय तपासण्याची सोय झाली आहे. फाउल अखिलाडू वर्तनाचा होता की साधा, यांसारख्या गोष्टी तिच्या साहाय्याने ठरविता येतात. परंतु रिबाउंडच्या गर्दीत न दिलेला साधा फाउल चित्रफितीवरून नव्याने देता येत नाही. यंत्रांची जोड मिळूनही त्या दोन सेकंदांतील न्याय अखेर मैदानावरील पंचाच्या नजरेवर व संयमावर अवलंबून राहतो. माणसांचा एक पंच असावा, ही १८९२ मधील तरतूद म्हणूनच आजही कालबाह्य झालेली नाही.